पंधरा वॉटच्या लॅपटॉपवर दीक्षाभूमीचा घुमट

मागच्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीसाठी अमरावतीहून आमच्याकडे नागपुरात मानेवाड्याला आला. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधण्याच्या संगणकीय खेळात दीक्षाभूमीचा स्तूप खऱ्या मापाने बांधायचा, हे त्याने घरून निघण्यापूर्वीच ठरवलेले होते. स्तूपाच्या घुमटाचा व्यास सुमारे १२० फूट आहे आणि खेळातला एक ठोकळा एक मीटरचा धरतात, म्हणून घुमटाची रुंदी ३७ ठोकळे येते. काम मुलाच्या आवाक्यातले होते, अडचण लॅपटॉपची होती. माझ्याकडे आय ५-७२००यू प्रोसेसरचा, दोन कोअरचा, त्याच चिपमध्ये एचडी ६२० ग्राफिक्स असलेला आणि ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. त्यावर माझे हिशेबाचे काम व्यवस्थित होते, पण खेळ सुरू केला की दृश्य अडखळत असे.

सुरुवातीला मी घाई केली. वेग वाढवणारे म्हणून सांगितले जाणारे चाळीसच्या आसपास मॉड, म्हणजे खेळात बदल करणारे छोटे जोड-प्रोग्राम, एकत्र करून कोणी तयार केलेला संच मी सरळ बसवला. खेळ उघडायलाच कितीतरी मिनिटे लागली आणि जग दिसू लागताच तो बंद पडला. या चाळिसांपैकी कोणता मॉड उपयोगाचा आहे, कोणता निरुपयोगी आहे आणि कोणामुळे खेळ बंद पडतो, यातले काहीच मला सांगता येत नव्हते. मी सगळे काढून टाकले आणि एकही मॉड नसलेल्या खेळापासून पुन्हा सुरुवात केली. आधी लॅपटॉप नेमका कुठे कमी पडतो ते शोधायचे आणि मग त्या जागेसाठी मॉड निवडायचा, हा क्रम तेव्हापासून मी सोडला नाही.

एफ ३ ही कळ दाबली की पडद्यावर दर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रे, काढल्या जात आहेत ते दिसते आणि उजव्या कोपऱ्यात खेळाने किती मेमरी व्यापली आहे तेही कळते. मी जगाची एक प्रत करून ठेवली, मैदानातली एक जागा ठरवली आणि दर वेळी तिथेच, त्याच दिशेला तोंड करून, दहा मिनिटे आकडे वहीत लिहीत गेलो. एका जागी उभे असताना तीसच्या आसपास फ्रेम मिळत होत्या. पुढे उडत निघालो की नवी जमीन तयार होताना खेळ थबकत असे, भाचा म्हणे, "मामा, चालता चालता अटकून राहिला." तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. पहिल्या चार-पाच मिनिटांत दिसणारा आकडा दहाव्या मिनिटापर्यंत बराच खाली येत असे आणि त्याच वेळी पंख्याचा आवाज वाढलेला असे.

यावरून अडचण एक नसून तीन आहेत हे लक्षात आले. चित्र काढण्याचे काम ग्राफिक्सला जड जात होते, जमीन तयार करण्याचे काम प्रोसेसरला पेलत नव्हते आणि उष्णतेमुळे चिप स्वतःच आपला वेग कमी करत होती. या प्रोसेसरची मर्यादा १५ वॉटची आहे आणि त्या १५ वॉटमध्येच प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांचे भागते. त्यात नागपूरचा मे महिना. सकाळी सहाला घेतलेले आणि दुपारी दोनला घेतलेले आकडे कोणताही बदल न करता वेगळे येत होते, त्यामुळे सकाळच्या आकड्याची तुलना दुपारच्या आकड्याशी करायची नाही असे मी ठरवले. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागल्यावर तर दुपारची मोजणी मी बंदच केली. लॅपटॉप कूलरच्या समोर ठेवण्याचा मोह होतो, पण त्या हवेत पाण्याचे तुषार असतात. त्याऐवजी लॅपटॉपच्या मागच्या बाजूला दोन वह्या ठेवून खालची जाळी मोकळी केली, तेवढ्यानेही फरक पडला.

खेळाची आवृत्ती कोणती घ्यायची याचाही विचार करावा लागला. १.१८ या आवृत्तीपासून जगाची उंची २५६ ठोकळ्यांवरून ३८४ झाली, म्हणजे खेळ जमिनीचे जे चौकोनी तुकडे करून जग सांभाळतो त्यातल्या प्रत्येक तुकड्यात दीडपट जागा आली. जुन्या यंत्रासाठी १.१६.५ हलकी पडली असती, पण भाच्याचे आधीचे बांधकाम १.२०.१ मध्ये होते आणि नव्या आवृत्तीतले जग जुन्या आवृत्तीत उघडणे धोक्याचे असते, म्हणून आम्ही १.२०.१ वरच थांबलो.

मॉड चालवण्यासाठी फॅब्रिक हा लोडर घेतला आणि एका वेळी एकच मॉड घालत गेलो. पहिला सोडियम. तो खेळाचा चित्र काढणारा भागच नव्याने लिहितो आणि आमच्या लॅपटॉपवर सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला; त्याच जागी, त्याच वेळी आकडा पन्नासच्या पुढे गेला. ऑप्टिफाइन हा वेग वाढवणारा दुसरा मॉड मी आधी वापरून पाहिलेला होता, त्यानेही थोडा फायदा होतो, पण सोडियम आणि ऑप्टिफाइन एकत्र चालत नाहीत, त्यामुळे दोघांपैकी एक निवडावाच लागतो. दुसरा लिथियम. तो प्राणी, ठोकळे, टक्कर यांचे हिशेब खेळाचे नियम न बदलता लवकर उरकतो. तिसरा फेराइटकोअर, जो मेमरीची बचत करतो. त्याने फ्रेमचा आकडा वाढला नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती; वापरलेल्या मेमरीचा आकडा मात्र खाली आला.

आड असलेल्या वस्तू चित्रातून वगळणारा एन्टिटी कलिंग हा मॉडही घालून पाहिला. पेट्यांनी आणि चौकटींनी भरलेल्या घरात त्याचा उपयोग होत असेल, पण आमचे काम उघड्या मैदानात होते आणि तिथे आकड्यात काहीच बदल दिसला नाही, म्हणून तो काढून टाकला. बाकीच्यांना उपयोगी पडलेला मॉड आपल्यालाही पडेलच असे धरून चालता येत नाही, हे मी वहीतल्या त्या ओळीवरूनच शिकलो.

मेमरीच्या बाबतीत माझा समज साफ चुकीचा निघाला. खेळ सुरू करून देणारा लाँचर मुळात खेळाला २ जीबी देत होता. मी जास्त ते चांगले असे समजून ६ जीबी दिले. खेळ आणखी अडखळू लागला, कारण ८ जीबीपैकी उरलेल्या जागेत विंडोजला आणि रॅमच वाटून घेणाऱ्या ग्राफिक्सलाही भागवायचे होते, आणि मग यंत्र डिस्कवर ओझे टाकू लागले. ३ जीबी दिल्यावर ते थांबले.

मॉडइतकाच फरक दोन साध्या सेटिंगनी पडला. दृश्याचे अंतर, म्हणजे चहूबाजूंना किती तुकड्यांपर्यंतचे जग दिसावे ते, १२ ठेवले तर खेळाला २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ तुकडे सांभाळावे लागतात. ते ८ केले की १७ गुणिले १७, म्हणजे २८९ तुकडे उरतात. दुसरी सेटिंग फ्रेमच्या कमाल मर्यादेची. भाच्याला ती पटेना, मिळणाऱ्या फ्रेम मुद्दाम का कमी करायच्या असे तो विचारत होता. मी मर्यादा ४० वर ठेवली आणि त्याला दहा मिनिटे आकडा पाहायला सांगितले. मर्यादा नसताना आकडा पन्नासवरून तिशीत घसरत असे, कारण चिप तापत होती. मर्यादा घातल्यावर दहाव्या मिनिटालाही तो ४० वरच होता आणि पंखा शांत होता. डोळ्यांना खुपते ती घसरण आणि मधली थबक. एकसारख्या चाळीस फ्रेम खुपत नाहीत. हे त्याने स्वतः पाहिल्यावर मला वेगळे समजवावे लागले नाही.

घुमटासाठी वर्ल्डएडिट हा एका आज्ञेत बरेच ठोकळे मांडणारा मॉड घेतला. त्यात पोकळ गोल काढण्याची आज्ञा आहे. १८ त्रिज्या दिली की ३७ रुंदीचा गोल तयार होतो. त्याचा खालचा अर्धा भाग काढल्यावर दोन हजारांच्या आसपास क्वार्ट्‌झचे पांढरे ठोकळे उरले. आज्ञा दिल्यावर खेळ क्षणभर थांबला आणि मग मैदानात एकदम पांढरा घुमट उभा राहिला. दीक्षाभूमीचा स्तूपही आतून पोकळ आहे, त्यामुळे भाचा आधी आत जाऊन वर पाहत उभा राहिला. मी मात्र कोपऱ्यातला आकडा पाहत होतो; तो ४० होता.

मॉड कुठून घ्यायचे याबाबत मी कडक राहिलो. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा घातक प्रोग्राम माइनक्राफ्टच्या काही मॉडमधून पसरला होता आणि तो संगणकात साठवलेले पासवर्ड चोरत असे. माझ्या लॅपटॉपवर लोकांचे हिशेब असतात. म्हणून ज्या मॉडच्या मूळ लेखकाने स्वतः दिलेली फाइल मिळाली तेवढेच घेतले, आणि मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेले शेडर (प्रकाश, सावल्या, पाणी खऱ्यासारखे दाखवणारे प्रोग्राम) किंवा मॉड बसवायचे नाहीत, हा नियम भाच्यालाही लावला. शेडर एकदा रीतसर घेऊन आयरिस या मॉडवर चालवून पाहिले. पाण्यात आकाशाचे प्रतिबिंब फार सुंदर दिसले, पण आकडा दहाच्याही खाली गेला. ठोकळ्यांच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या चित्रांचा, बारीक नक्षीचा १२८ ठिपके रुंदीचा पोत-संचही भाच्याने मागितला होता. मूळ पोत १६ चा असतो, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागावर ६४ पट ठिपके. तो मी बसवलाच नाही.

जूनमध्ये तो अमरावतीला परत गेला तेव्हा फोल्डरमध्ये पाच फाइली होत्या: फॅब्रिक एपीआय (फॅब्रिकवरच्या इतर मॉडना लागणारी पूरक फाइल), सोडियम, लिथियम, फेराइटकोअर आणि वर्ल्डएडिट. प्रत्येकीची नेमकी आवृत्ती मी कागदावर लिहून दिली, कारण १.२०.४ साठीचा मॉड १.२०.१ मध्ये चालेलच असे नाही. स्तूपाच्या चार दिशांच्या दारांपैकी दोनच झाली आहेत. उरलेली दोन दिवाळीच्या सुट्टीत करायची आहेत, आणि तोपर्यंत त्या फोल्डरमध्ये काहीही नवीन घालायचे नाही असे आमचे ठरले आहे.