खाऱ्या पाण्याची टाकी : दिवस ३८, मासा अजून नाही

माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया सुटतो; काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं कमी घातक नायट्रेट. ही साखळी बसेपर्यंत टाकीत मासा सोडायचा नाही. आज सकाळी नायट्राइटच्या चाचणीची ट्यूब पहिल्यांदा निळीच राहिली, म्हणजे नायट्राइट शून्य. खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर धरून पुन्हा पुन्हा पाहिली, जांभळी छटासुद्धा नाही. तीन आठवडे याच रंगाची वाट बघत होतो.

टाकी तीन फुटी, पाणी साधारण १२० लिटर, मीठ सव्वाचार किलोच्या आसपास, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) घनता १.०२६. बेळगावात राहतोस, चोर्ला घाटातून गोवा जवळ, समुद्राचंच पाणी कॅनमधून आण, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. नाही आणलं. किनाऱ्याच्या पाण्यात नदीचं गोडं पाणी, बोटींचं तेल काय काय मिसळलेलं असतं, पावसाळ्यात तर खारटपणाचा भरवसाच नाही. आरओ-डीआय फिल्टरचं शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं) पाणी आणि तयार मीठ घेतलं की निदान आपण काय घातलं ते कळतं. दगडही कोरडेच घेतले. पोवळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पण कायदा नसता तरी समुद्रातून उपटलेला खडक मला घरात नकोच होता.

जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड मोजून, २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया होईल इतकं टाकलं. कोळंबीचा तुकडा कुजवूनही काम होतं, पण अमोनिया किती सुटणार ते आपल्या हातात राहत नाही. १७व्या दिवशी अमोनिया शून्यावर आला आणि गाडी नायट्राइटवर अडली. कारण थंडीत सापडलं. रात्री वीज गेली की हीटर बंद, पहाटे पाणी २१ अंशांवर. नायट्राइट खाणारे जिवाणू आधीच सावकाश वाढतात, गारठ्यात आणखी मंदावतात. हीटरचा भार इन्व्हर्टरला झेपत नाही, म्हणून फक्त पंप त्यावर घेतला आणि टाकीला तीन बाजूंनी थर्माकोल लावला. आता पहाटेही २४-२५ मिळतात.

त्याच दिवसांत नायट्रेटची चाचणी लालभडक यायची. पाणी बदलायला बादली काढलीही होती. पण पाण्यात नायट्राइट असेल तर नायट्रेटचा आकडा फुगून दिसतो, तेव्हा थांबलो ते बरं झालं.

मध्ये लग्नासाठी सहा दिवस निपाणीला होतो. परत आलो तर पाणी दीड बोट खाली आणि रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२८. पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याचीच. आता काचेवर मार्करची रेघ आहे. मी नसलो की आई तेवढं भरते.

काल सकाळी पुन्हा २ पीपीएम टाकलं होतं. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य.

रविवारी निम्मं पाणी बदलेन, मग दिवे. वाळूवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) येतील, ते येऊ देणार. आधी चार गोगलगायी, त्या रुळल्या की समुद्रातून न पकडलेली, विक्रेत्याकडच्या टाकीत पैदास झालेली क्लाऊन माशांची एक जोडी. शनिवारी रात्रीच ६० लिटर पाण्यात मीठ घालून पंप लावून ठेवायचाय, आरओचे कॅन आजपासूनच भरायला घेतलेत.