शेवटच्या शब्दापर्यंत दम

कार्यक्रमांचं निवेदन करते म्हटल्यावर कोल्हापुरात कुणी ना कुणी हटकतंच, "लोक शेवटपर्यंत ऐकत बसावेत म्हणून आवाज कसा कमवायचा?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा भरदार, खर्जातला आवाज असतो. तो नसला तरी चालतं. आहे त्याच आवाजात वाक्याचा शेवटचा शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचवा.

मराठीत क्रियापद बहुतेकदा वाक्याच्या शेवटी येतं. होय की नाही, झालं की राहिलं, सगळं तिथंच कळतं. आणि नेमका तिथंच बोलणाऱ्याचा श्वास संपलेला असतो.

कॉलेजातली एक मुलगी वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीला माझ्याकडे आली होती. विषय राजर्षी शाहू महाराज. भाषण तोंडपाठ, आवाज खणखणीत. २६ जुलै १९०२ चा हुकूम, करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी, हे सगळं तिनं एका दमात म्हटलं आणि त्याच ओघात पुढचं वाक्य घेतलं, "हा हुकूम नुसता कागदावर राहिला नाही." मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, वर पंखा चालू. मला "नुसता कागदावर राहिला" एवढंच ऐकू आलं. महाराजांच्या एवढ्या मोठ्या कामाचा अर्थच उलटा झाला!

"बाई, तिथंवर दमच पुरत नाही," ती म्हणाली.

मग आम्ही वाक्यं तोडली. कागदावर पेन्सिलीनं तिरक्या रेघा मारल्या. रेघ आली की थांबायचं, श्वास घ्यायचा. "पन्नास टक्के" म्हणण्याआधी एक रेघ, म्हटल्यावर दुसरी. थांबलं की विसरल्यासारखं वाटेल अशी तिला भीती होती. व्यासपीठावर दोन सेकंद फार लांब वाटतात खरे, पण तेवढ्यात समोरच्याच्या डोक्यात तो आकडा उतरतो. खाली मोबाईलकडे गेलेली मानही शांतता झाली की वर येते.

वेग कसा बदलायचा हे शिकायचं असेल तर कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीचं निवेदन ऐकायला जा. पैलवान एकमेकांचा अंदाज घेत असतात तोवर चांगला निवेदक गाव, तालीम, वस्ताद यांची माहिती संथपणे देतो. पकड बसली की त्याची वाक्यं तुटक होतात. कुस्ती चितपट झाली की नाव पुकारून तो गप्प बसतो, मग मैदान बोलतं. पहिल्या सलामीपासून ओरडणाऱ्याजवळ त्या क्षणासाठी काहीच शिल्लक राहत नाही. मोकळ्या मैदानात सावकाश बोलायला आणखी एक कारण आहे. आवाजाला ३४ मीटर जायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. दूरदूर लावलेल्या कर्ण्यांतून तोच शब्द मागेपुढे ऐकू येतो, त्यामुळे घाईनं बोललेलं एकमेकांत मिसळून जातं.

दम वाढवायला रोज उताणं झोपून पोटावर हात ठेवा. श्वास घेताना हात वर उचलला गेला पाहिजे. मग "स्स्स" असा आवाज न थरथरता जमेल तितका लांबवा. मोठं बोलायचं तर जोर या श्वासाचा हवा. गळा आवळून ओरडलं की सूर चढतो आणि कानाला टोचतो.

कागद हातात असेल तर जपा. वाक्य संपत आलं की डोळे पुढच्या ओळीवर जातात, मान खाली जाते, तोंड माईकपासून सरकतं आणि शेवटचा शब्द गेलाच. आधी लोकांकडे बघत वाक्य पुरं करा, मग खाली बघा.

घसा बसला असेल त्या दिवशी तालीम करू नका, पाणी प्या आणि कमी बोला. दोन-तीन आठवडे आवाज सुटलाच नाही, तर घरगुती उपाय करत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.