आमची वाटचाल : तोल-पावतीपासून बिलापर्यंत

नागपुरातील इतवारी आणि कळमना भागातील धान्य व डाळ व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर करून देणे हा आमच्या फर्मचा पहिल्यापासूनचा व्यवसाय आहे आणि त्यासाठी आम्ही मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर वापरतो. गिऱ्हाईक आमच्याकडे येते ते बहुधा एकच मागणी घेऊन : धर्मकाट्यावरच्या पावतीत निघालेले निव्वळ वजन बिलात आपोआप यावे, मुनीमजींना ते पुन्हा टाइप करावे लागू नये.

ऐकायला सोपी वाटणारी ही मागणीच आमच्या कामाचा कणा ठरली. तोल-पावतीच्या फॉर्मवर भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि बारदान्याची वजावट भरली की निव्वळ वजनाच्या चौकटीत आकडा उमटतो. पण ती चौकट सूत्रावर चालणारी असल्यामुळे तो आकडा कोणत्याही टेबलात, म्हणजे नोंदी साठवण्याच्या तक्त्यात, गेलेला नसतो, तो केवळ पडद्यावर असतो. बिलाच्या फॉर्मने तो थेट त्या चौकटीतून वाचावा म्हटले तर तोल-पावतीचा फॉर्म उघडा असावा लागतो, आणि कामाच्या गर्दीत मुनीमजी तो बंद करणारच. बिलाचा फॉर्म उघडताना ओपनआर्ग्जमधून, म्हणजे उघडण्याच्या आज्ञेसोबत मूल्य देण्याच्या सोयीतून, आकडा सोबत धाडणे हा दुसरा मार्ग. मात्र बिलाचा फॉर्म आधीच उघडा असेल तर त्याची लोड इव्हेंट (फॉर्म उघडताना आपोआप चालणारी पायरी) पुन्हा घडत नाही आणि मागच्याच गाडीचे वजन समोर राहते. अ‍ॅक्सेस 2007 पासून टेम्पव्हार्सची, म्हणजे मूल्य तात्पुरते लक्षात ठेवण्याची, सोय आली. साध्या ग्लोबल व्हेरिएबलमधील (सगळ्या कोडला वापरता येणाऱ्या जागेतील) मूल्य कोडमध्ये न हाताळलेली एरर येऊन प्रोग्राम रीसेट झाला की नाहीसे होते, टेम्पव्हार्समधील मूल्य अ‍ॅक्सेस बंद होईपर्यंत टिकते आणि क्वेरीतही (टेबलातून माहिती काढण्याच्या आज्ञेतही) थेट वापरता येते.

तरीही आकडा नेण्यापेक्षा पावती क्रमांक न्यावा, हेच आमचे ठाम मत आहे. ‘बिल करा’ बटण दाबले की आधी चालू नोंद सेव्ह होते, मग फक्त पावती क्रमांक पुढे जातो आणि बिलाचा फॉर्म टेबलातील मूळ वजनांवरून निव्वळ वजन स्वतः काढतो. पावतीत कोणी दुरुस्ती केली, तरी बिल तयार होईपर्यंत दोन फॉर्मवर दोन वेगळे आकडे दिसण्याचा प्रश्न उरत नाही.

रकमेच्या बाबतीत पूर्णांक करण्याकडेही तितकेच बारीक लक्ष द्यावे लागते. अ‍ॅक्सेसच्या कोडमधील राउंड फंक्शन बरोबर अर्ध्यावर आलेली रक्कम जवळच्या सम अंकाकडे नेते, म्हणजे 12,342.50 चे 12,342 होतात आणि 12,343.50 चे 12,344. जीएसटी कायद्याच्या कलम 170 प्रमाणे कराच्या रकमेतील 50 पैसे किंवा त्याहून अधिक भाग पुढच्या रुपयात धरायचा असतो. म्हणून रक्कम करन्सी या पैशांसाठीच्या डेटा प्रकारात ठेवून त्यात अर्धा रुपया मिळवायचा आणि पूर्णांक भाग घ्यायचा, असे स्वतःचे फंक्शन आम्ही लिहिले व ते प्रत्येक फॉर्मवर तेच वापरतो.

काढता येणारे मूल्य साठवू नये, हा डेटाबेसचा नियम आम्ही मानतो. पण पक्के झालेले बिल त्याला अपवाद आहे. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि पुढे 18 जुलै 2022 पासून आधीच पॅक करून लेबल लावलेल्या, 25 किलोपर्यंतच्या डाळीच्या पाकिटांवर, ब्रँड असो वा नसो, 5 टक्के कर लागू झाला. बिलातील कर चालू दराच्या टेबलावरून दर वेळी नव्याने काढला, तर 17 जुलैचे बिल पुन्हा छापताना त्यावरही नवा कर चढेल. त्यामुळे बिल पक्के होताच वजन, भाव, कराचा दर आणि रक्कम आम्ही बिलाच्याच टेबलात लिहून ठेवतो.

अ‍ॅक्सेसच्या फाइलला 2 जीबीची मर्यादा असल्याने मोठी आवक असलेल्या डाळ मिलांची टेबले आता आम्ही एसक्यूएल सर्व्हर या मोठ्या डेटाबेसवर नेत आहोत. फॉर्म अ‍ॅक्सेसमध्येच राहतात. अ‍ॅक्सेसच्या टेबलात नोंद लिहायला सुरुवात करताच आपोआप पडणारा पावती क्रमांक मिळत असे, तर सर्व्हरवर तो नोंद सेव्ह झाल्यानंतरच मिळतो. आमचे बटण आधी सेव्ह करूनच क्रमांक पुढे देत असल्यामुळे त्या कोडमधील एकही ओळ बदलावी लागली नाही.