सिस्टरांच्या चार ओळी

मृत्युपत्राचा विषय निघाला की आमच्याकडे माणसं चहा मागवतात आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतात. ख्रिस्ती घरांत त्यावर आणखी एक वाक्य ठरलेलं असतं, "प्रभू बघून घेईल." मी धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करते आणि मंडळीतच, म्हणजे चर्चच्या माणसांतच, लहानाची मोठी झाले आहे. प्रभूच्या नावावर सोडून दिलेल्या घरांचे आणि जमिनींचे दावे किती वर्षं रेंगाळतात, भाऊ-बहीण एकाच बाकावर बसून उपासना करायची कशी सोडून देतात, हे मी फार जवळून पाहिलंय. म्हणून सत्तरी ओलांडलेल्या एक सिस्टर आपणहून मृत्युपत्र घेऊन आल्या तेव्हा मला फार बरं वाटलं. ते वाचलं आणि मात्र काळजीच वाटली.

सिस्टर मूळच्या साक्री तालुक्यातल्या, पिंपळनेरच्या पुढच्या एका गावच्या. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. नवापूर, चिंचपाडा या पट्ट्यात असे दवाखाने नसते तर पाड्यावरच्या किती बाळंतिणी वाटेतच गेल्या असत्या, हे तिकडच्या कुणालाही विचारा. लग्न त्यांनी केलं नाही. निवृत्तीनंतर धुळ्याला देवपुरात छोटं घर घेतलं. आईवडील नाहीत, एकुलता भाऊही गेलेला. त्याचा मुलगा गावी शेती करतो, मुलगी सुरतेला दिलेली. भाच्याची मुलगी कॉलेजसाठी सिस्टरांकडेच राहते.

मृत्युपत्र त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं. चार ओळी. वडिलांकडून आलेली दोन एकर जमीन मिशन दवाखान्याला. बँकेतल्या ठेवी दवाखान्याला. घर भाच्याला. चौथी ओळ अशी, "हे सर्व परमेश्वराचे आहे, मी फक्त कारभारीण होते." खाली साक्षीदार म्हणून दोन सह्या: एक पाळकसाहेबांची, एक भाचेसुनेची.

पाळकसाहेब बरोबर आले होते आणि घाईत होते. म्हणाले, "ताई, सिस्टरना मागच्या महिन्यात हृदयाचा त्रास झाला. आपल्यात दानाचं मृत्युपत्र मरणाआधी बारा महिने केलेलं असावं लागतं ना? उगीच उशीर नको."

ही भीती मंडळीतल्या जुन्या माणसांत अजून आहे आणि ती खोटी नव्हती. भारतीय वारसा कायदा 1925 च्या कलम 118 प्रमाणे, ज्या ख्रिस्ती माणसाला पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचं कुणी आहे, त्याला धार्मिक वा धर्मादाय कामासाठी मालमत्ता द्यायची तर मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं लागे, आणि केल्यापासून सहा महिन्यांत ते सरकारी ताब्यात जमा करावं लागे. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसावर धर्मगुरूंचा दबाव येईल, या जुन्या इंग्रजी धास्तीतून आलेलं हे कलम. हिंदू किंवा मुसलमान माणसाला अशी अट नव्हती. केरळमधले एक कॅथलिक धर्मगुरू, जॉन वल्लमट्टम, या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 21 जुलै 2003 रोजी न्यायालयानं ते समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केलं. आज ख्रिस्ती माणूस मरणाच्या आदल्या दिवशीही मृत्युपत्र करून दान देऊ शकतो. आणि 2002 च्या दुरुस्तीनंतर भारतीय ख्रिस्त्यांना प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्तीही राहिलेली नाही.

हे सांगितल्यावर पाळकसाहेबांचा चेहरा मोकळा झाला. मग मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. ते जरा दुखावले, पण उठले. कलम गेलं म्हणून दबावाचा प्रश्न गेलेला नाही. जबरदस्तीनं किंवा मागे लागून करून घेतलेलं मृत्युपत्र आजही टिकत नाही. दान देणाऱ्याचं मन एकट्यात ऐकणं हे माझं काम आहे, समोर कितीही भला माणूस असो.

दार लावल्यावर मी सिस्टरना एकेक ओळ समजावली. घर भाच्याला दिलंय आणि साक्षीदार त्याचीच बायको. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या नवरा-बायकोला दिलेली देणगी रद्द ठरते, कलम 67. मृत्युपत्र टिकतं, ती ओळ गळते. ठेवी "मिशन दवाखान्याला" दिल्यात, पण मिशन दवाखाना या नावाची कायद्यात कुणी व्यक्ती नाही. दवाखाना चालवणारा नोंदणीकृत ट्रस्ट आहे, त्याचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक हवा, नाहीतर कुणीतरी वाद काढणारच. शिवाय बँकेत नॉमिनी म्हणून भाच्याचं नाव लागलेलं. नॉमिनी मालक होत नाही, पण पैसे आधी त्याच्या हातात जातात आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

सगळ्यात मोठा पेच जमिनीचा. आपल्याकडच्या 1948 च्या कूळ कायद्याचं कलम 63 शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे जाऊ देत नाही, परवानगी घेतल्याशिवाय. ट्रस्ट हा शेतकरी नाही. मृत्युपत्रानं दिली तर चालेल, असं पुष्कळ जण धरून चालत. गुजरातमध्ये लागू असलेल्या याच कायद्यावरच्या प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मृत्युपत्रानंही ही बंदी चुकवता येत नाही. म्हणजे जमिनीची ओळ गळते, घराची ओळ गळते, आणि दोन्ही गोष्टी वारस म्हणून भाचा आणि भाची यांच्यात निम्म्या निम्म्या होतात. सिस्टरांनी मनात धरलेलं जवळजवळ काहीच उरत नव्हतं.

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जमीन देवाला देता येत नाही?"

"येते, सिस्टर. मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा व्यवस्थापक नेमा. तो जमीन एखाद्या शेतकऱ्याला विकेल आणि पैसा ट्रस्टला देईल."

"मग तसंच लिहा," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "नको. आधी तुम्ही गावी चला."

मी गेले, आणि ज्या दिवसाबद्दल मला सांगायचंय तो हाच. कांद्याची काढणी चालू होती. भाच्यानं बांधावरून चालत दोन्ही वाटे दाखवले, त्याच्या वडिलांचा आणि आत्याचा, मध्ये नुसती एक दगडांची ओळ. विहीर आत्याच्या वाट्यात होती. त्याच्या सगळ्या कांद्याला पाणी त्या विहिरीचं. आत्याचा वाटा बाहेरच्या माणसानं घेतला की याची शेती कोरडी. सात-बाऱ्यावर विहीर होतीच, मी वाचलीही होती, पण बांधावर उभं राहिल्यावर कळलं की या चार ओळींत एका घराचं पोट अडकलंय.

सिस्टरना ते नवं नव्हतं. मला तिथे आणण्याचं कारणच ते होतं.

घरी कळण्याची भाकरी आणि ठेचा झाला आणि मी कागदाचा विषय काढला. भाचा आत्याकडे न बघता म्हणाला, "जमीन तुन्ही शे आत्या, तू इकी टाक." त्यात राग नव्हता, पण माणूस आतून तुटल्यावर बोलतो तसा आवाज होता. मग भाचेसून बोलली. तिनं सही केली तेव्हा कागदावर काय आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "आत्याबाईंनी सांगितलं, मी केली." तिचे डोळे भरले होते. आपल्याला विश्वासात न घेता आपल्याच घराचा निकाल आपल्या सहीनं लागला, हे तिला लागलं होतं.

सुरतेहून भाची फोनवर होती. तिनं सरळ विचारलं, "आत्या, माझं नावच नाही का कुठे?" सिस्टर म्हणाल्या, तुझं सासर चांगलं आहे. मी मध्ये पडले. आपल्या वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा 1925 पासून सारखा आहे, म्हणून तर सिस्टरना स्वतःला वडिलांच्या जमिनीत भावाइतका वाटा मिळाला. मृत्युपत्र करणाऱ्याला हवं तसं देता येतं, हे खरं. पण जिचं नाव टाळायचं तिला निदान कारण तरी सांगावं.

मंडळीत दानावर उपदेश होतात ते जवळची शेवटची दोन नाणी, दोन टोल्या, दानपेटीत टाकणाऱ्या बायबलातल्या विधवेवर आणि दशमांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्यावर. पौलानं तीमथ्याला लिहिलंय की जो घरच्यांची तरतूद करत नाही त्यानं विश्वासच नाकारला. हे वचन दानाच्या उपदेशात क्वचित ऐकू येतं. कारभार सोपवलेल्या माणसाला दोन्हींचा हिशोब द्यावा लागतो, माझी तशी ठाम श्रद्धा आहे. आणि आपल्याकडे मृत्युपत्रातून दान देणारा माणूस कर वाचवण्यासाठी देत नाही. मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा कर 1985 सालीच गेला. तो देतो ते द्यायचं म्हणून देतो. अशा देण्यानं घरातल्या माणसाचं पाणी तोडू नये.

दुपारी उशिरापर्यंत बोलणं चाललं आणि शेवटी जुळलं ते असं. जमीन, विहिरीसकट, भाच्याला. तो शेतकरी, कायद्याची अडचणच नाही. देवपुरातलं घर व्यवस्थापकानं विकायचं आणि पैसा ट्रस्टला, आदिवासी मुलींच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी. तो ट्रस्ट चालू राहिला नाही तर तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला. भाच्याच्या मुलीचं शिक्षण संपेपर्यंत मात्र घर विकायचं नाही, तिला राहण्याचा हक्क. ठेवींतला अर्धा हिस्सा भाचीला, अर्धा ट्रस्टला. व्यवस्थापक मंडळीतले एक निवृत्त शिक्षक.

भाचा खूश नव्हता. घर आपल्याकडे येईल असं धरून त्यानं मुलीच्या लग्नाचे बेत केले होते आणि तसं तो स्पष्ट बोलला. सिस्टरांनी त्याची समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "विहीर तुझी झाली. घर मी दवाखान्याच्या पगारातून घेतलंय, ते दवाखान्याकडे जाईल." तो मान हलवून कांद्याकडे निघून गेला. नव्या कागदाला त्यानं पुढे कधी अडवलं नाही.

(नवापूर, अक्कलकुवा भागातल्या आदिवासी बांधवांसाठी एक सांगून ठेवते. त्यांच्या जमिनीला महसूल संहितेचं कलम 36-अ लागतं. जमीन बिगर-आदिवासी संस्थेला देण्याचं मनात असेल तर आधी वकिलाला भेटा, मग कागद करा.)

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही, पण मी नोंदणीचा आग्रह धरते. दुय्यम निबंधक कार्यालयात सिस्टर स्वतःच्या पायांनी आल्या, हातात डॉक्टरांचा दाखला. साक्षीदार दोघंही बाहेरचे, ज्यांना कागदातून एक पैसा मिळणार नाही असे. फोटो झाला, अंगठे झाले. साहेबांनी विचारलं, "आजी, राजीखुशीनं करताय ना? कुणी सांगितलं म्हणून नाही ना?"

"सांगितलं पुष्कळांनी," सिस्टर म्हणाल्या. "करतेय मी."

जिना उतरताना भाचेसून त्यांच्या हाताला धरून होती. तिचं लक्ष मनगटाकडे गेलं आणि ती म्हणाली, आत्याबाई, बांगड्यांचं लिहायचं राहिलं. सोन्याच्या चार बांगड्या, नोकरी लागल्यावर आईनं केलेल्या. मी म्हटलं, काही अडत नाही, पुरवणी मृत्युपत्र करू, पुढच्या आठवड्यात या.

"त्याला कशाला कागद?" सिस्टर म्हणाल्या. "पोरींची फी यंदा भरायचीय." आणि भाचेसुनेला घेऊन त्या तशाच आग्रा रोडला सराफाकडे गेल्या.