औषध दिलं, तरी उवा मेल्या नाहीत: आधी काय तपासायचं?

समुद्रातल्या सॅमनच्या पिंजऱ्यात औषध देऊनही उवा (माशाच्या अंगावर जगणारे समुद्री परजीवी) दिसल्या की ‘प्रतिकार आला’, म्हणजे उवांना औषध लागूच पडत नाही, असं म्हणायची घाई होते. आधी उरलेल्या उवा कोणत्या अवस्थेतल्या आहेत ते बघा. अझामेथिफॉस या आंघोळीच्या (पाण्यात मिसळायच्या) औषधाने फक्त हलत्या उवा मरतात, म्हणजे प्री-अ‍ॅडल्ट (प्रौढ होण्याआधीची अवस्था) आणि प्रौढ. माशाला घट्ट चिकटून बसलेले कॅलिमस, म्हणजे त्याआधीच्या अवस्थेतल्या उवा, त्यातून वाचतात आणि पुढे वाढून मोजणीत येतात. त्यात औषधाचा दोष नाही.

मग डोसचा हिशेब. एमामेक्टिन हे दुसरं औषध खाद्यातून जातं: दर किलो वजनाला रोज 50 मायक्रोग्रॅम, सलग 7 दिवस. 1 लाख मासे, सरासरी वजन 2 किलो, तर रोज 10 ग्रॅम. मासे प्रत्यक्षात 2.4 किलोचे निघाले तर किलोमागे जेमतेम 42 मायक्रोग्रॅम पडतं. त्यातही आजारी मासा खातच नाही. अशा अर्धवट डोसच्या माशांवर चिवट उवा तगतात आणि अंडी घालतात. प्रतिकार वाढायला एवढं पुरतं, म्हणून औषध मागवण्याआधी वजनाचा नमुना नव्याने घ्याच. आंघोळीच्या औषधात गफलत वेगळी: पिंजऱ्याभोवती नुसता ताडपत्रीचा घेर असेल तर तळातून औषध निसटतं. तळासकट बंद ताडपत्री किंवा वेलबोट (मासे टाकीत घेणारी बोट) बरी.

हे सगळं चोख असेल तर बायोअसे करा, म्हणजे जिवंत उवांवर औषधाची चाचणी. प्री-अ‍ॅडल्ट उवा हलक्या चिमट्याने काढा, हवेचे बुडबुडे सोडलेल्या थंड समुद्राच्या पाण्यात ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी चाचणी लावा. औषधाच्या चढत्या तीव्रतेची पाच-सहा भांडी, शिवाय एक बिनऔषधी. एमामेक्टिनसाठी उवा त्यात 24 तास ठेवा. नर-मादी वेगवेगळ्या मोजा, दोघांची संवेदनशीलता सारखी नसते. भांड्याच्या काचेला धरून राहणारी ऊ जिवंत. पाय हलवते पण धरू शकत नाही, ती बाधित. बिनऔषधी भांड्यातच बऱ्याच मेल्या तर ती चाचणी फेकून द्या.

अझामेथिफॉससाठी जनुकीय चाचणीही होते. अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या मज्जातंतूंतल्या विकरात (औषध यालाच पकडतं) 362व्या जागी फिनिलअ‍ॅलनिनऐवजी टायरोसिन हे अमिनो आम्ल आलं की औषधाची पकड सुटते. डेल्टामेथ्रिन या आंघोळीच्या औषधाचा प्रतिकार मात्र मायटोकाँड्रियातून (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतून), म्हणजे आईकडून येतो. प्रतिकारक मादीची सगळीच पिल्लं तो घेऊन जन्मतात.

डेल्टामेथ्रिन लागू पडेना म्हणून सायपरमेथ्रिनकडे वळणं ही अदलाबदल नव्हे, दोन्ही पायरेथ्रॉइड या एकाच गटातली औषधं. त्याऐवजी गोड्या पाण्याची आंघोळ किंवा यांत्रिक धुलाई घ्या, आणि शेजारच्या फार्मशी तारखा जुळवा, कारण अळ्या प्रवाहाबरोबर पिंजऱ्यातून पिंजऱ्यात जातात.