तुम्ही विचारलंत म्हणून: गाईड डॉग रस्ता दाखवतो का?

"काठी कशाला शिकवत बसता, सरळ कुत्राच का नाही देत? तो नेईल की बरोबर!" अंध व्यक्तींना काठीने चालायला शिकवणाऱ्या आम्हा लोकांना इंदूरमध्ये हा प्रश्न बँकेत, लग्नात, गणपतीच्या आरतीनंतर, कुठेही विचारला जातो. उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर.

गाईड डॉगला, म्हणजे अंध माणसासोबत चालायला शिकवलेल्या कुत्र्याला, पत्ता कळत नाही. गोठ्याकडे आपणहून वळणाऱ्या बैलासारखा तो आपल्याला घरी आणून सोडेल, ही समजूत आधी काढून टाका. कुठे जायचं, कितव्या गल्लीत वळायचं, रस्ता कधी ओलांडायचा, हे सगळं माणूस ठरवतो. कुत्रा सरळ चालत राहतो, अडथळ्याला वळसा घालतो आणि पायरी, खड्डा किंवा फूटपाथची कड आली की थांबतो. नेहमीची दुकानं तो ओळखायला लागतो हे खरं, पण त्या दिवशी आपल्याला तिथे जायचं नसलं तर तीच सवय नडते. म्हणजे नकाशा डोक्यात हवा, आणि तो काठीने चालूनच पक्का होतो. म्हणून काठी आधी. कुत्रा आल्यावरही घडीची काठी पिशवीत राहते. कुत्रा आजारी पडला, बिथरला, तर घरी कसं यायचं?

आता साधन. कुत्र्याच्या अंगावर हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधलेला पट्ट्यांचा साज असतो आणि त्याला इंग्रजी यू आकाराचं ताठ हँडल. कुत्रा माणसाच्या डावीकडे, हँडल डाव्या हातात, पट्टाही त्याच हातात, उजवा हात मोकळा. माणसाने कुत्र्याच्या अर्धं पाऊल मागे राहायचं. हँडल बोटांत हलकं धरायचं, कारण सगळी बातमी त्यातूनच येते: पुढे ओढ आहे म्हणजे वाट मोकळी, हँडल उजवीकडे रेललं म्हणजे वळसा, ओढ संपली म्हणजे थांबा. नवशिक्या मूठ घट्ट आवळतो किंवा हँडल पुढे रेटतो, मग त्याला काही कळत नाही आणि कुत्राही गोंधळतो.

कुत्रा थांबला की का थांबला ते आपण शोधायचं. एक पाय पुढे सरकवून बघायचा: उतार, पायरी, नाली? तिथे काही नसेल तर हात तोंडासमोर धरायचा: ट्रकची मागची फळी, खाली आलेला छज्जा, लोंबणारी वायर? काठीला नेमकी हीच कमरेवरची वस्तू सापडत नाही. कुत्र्याला मात्र माणसाची उंची आणि रुंदी धरून चालायला शिकवलेलं असतं, आणि काठीपेक्षा त्याचा हा फायदा मोठा आहे.

चौराहा ओलांडताना सगळ्यात जास्त गैरसमज होतात. सिग्नल लाल आहे की हिरवा, हे कुत्रा सांगत नाही. ते त्याला शिकवलेलंच नसतं. माणूस कानाने ठरवतो. कडेला सरळ उभं राहून सिग्नलची एक पूर्ण फेरी ऐकायची. समोरून आडवा जाणारा आवाज थांबतो आणि आपल्या शेजारच्या, आपल्याच दिशेने जाणाऱ्या गाड्या सुटतात, त्या क्षणी 'फॉरवर्ड' म्हणायचं. फेरी अर्धी झाली असेल तर निघायचं नाही, पुढच्या वेळची वाट बघायची. पुस्तकातलं हे तंत्र पलासिया चौराह्यासारख्या ठिकाणी निम्मंच चालतं, कारण जिथे लेफ्ट फ्री असतो तिथे मागून डावीकडे वळणाऱ्या गाड्या नेमक्या आपल्या वाटेवर येतात. त्यात राँग साइडवाले आणि ई-रिक्षा, जिचा आवाज अंगावर येईपर्यंत ऐकू येत नाही. इथे कुत्र्याच्या शिक्षणातला सगळ्यात अवघड धडा कामी येतो: हुकूम मोडणं. माणूस 'फॉरवर्ड' म्हणाला आणि गाडी येत असली तर कुत्रा हलत नाही, किंवा आडवा उभा राहतो. अशा वेळी त्याला दटावलं की महिन्यांची मेहनत वाया.

इंदूरमध्ये हे जमेल का? शहर 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरावर मिरवत आलंय, पण फूटपाथ साफ असणं वेगळं आणि मोकळा असणं वेगळं. ठेला, ओळीने लावलेल्या बाइक, ओटल्याबाहेर मांडलेलं सामान यातून दोघांना पुरेल एवढी फट नसली की कुत्रा थांबतो, आणि रस्त्यावर उतरावं लागतं. गाड्या समोरून येताना दिसाव्यात म्हणून फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने चालावं, असं आपण डोळसांना सांगतो. पण डावीकडे कुत्रा असला की तोच गाड्यांच्या बाजूला येतो.

तरी खरी अडचण गाड्यांची नाही, गल्लीतल्या कुत्र्यांची आहे. 2023 च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्याच भागात परत सोडायचं असतं. ते योग्यच आहे. पण त्यांचा इलाका कायम राहतो आणि पट्ट्यातला परका कुत्रा त्यांना खपत नाही. चार-पाच कुत्री गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली की गाईड डॉगचं लक्ष उडतं, हँडलमधली ओढ जाते, आणि माणूस त्या क्षणी खरोखर एकटा पडतो. तेव्हा हँडल सोडायचं, पट्टा आखूड धरायचा, पाठ भिंतीला किंवा शटरला लावायची आणि मोठ्याने हाक मारायची. पळायचं नाही. एका जबर हल्ल्याने कुत्रा घाबरून कायमचा कामातून जाऊ शकतो. शिकवलेले कुत्रे आपल्या देशात इतके कमी असण्याची कारणं अनेक आहेत, पण कुणी विचारलं तर आम्ही हे कारण वर ठेवतो.

ऊन दुसरं. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याचे पंजे भाजतील. सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच निघावं, पाण्याची घडीची वाटी सोबत असावी. निघण्याआधी हार्नेस काढून, नुसत्या पट्ट्यावर, ठरलेल्या जागी शी-शू करवून आणायची. प्लास्टिकची पिशवी हातमोज्यासारखी घालून उचलायची. हार्नेस चढला की काम, उतरला की घरचा कुत्रा, हा फरक त्याला पक्का कळतो. लोकांना कळत नाही, ही पंचाईत.

रात्रीच्या सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत, मात्र कुत्रा नेऊच नये. गर्दीत पंजे तुडवले जातात, आणि खाली पडलेलं खाणं म्हणजे विषाची परीक्षा. छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या पोह्यांवर घातलेला कच्चा कांदा कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो. शिजवलेला कांदाही तितकाच वाईट. अशा ठिकाणी सरळ कुणाचा तरी हात धरून जावं. हात धरायचा म्हणजे अंध माणसाने डोळसाचा दंड कोपराच्या वर धरायचा आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. डोळसाने त्याला ढकलत न्यायचं नाही.

रिक्षात माणूस बसतो, कुत्रा पायाशी आत सरकतो, आणि शेपूट आत आली का ते हाताने तपासायचं. बसमध्येही तसंच. विमानात प्रशिक्षित गाईड डॉग मालकाच्या पायाशी बसून जाऊ शकतो, कागदपत्रं आणि लसींच्या नोंदी जवळ हव्यात.

कुत्रा तयार कसा होतो, हेही विचारतात. गाईड डॉगच्या शाळा पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत 1916 मध्ये सुरू झाल्या. पिल्लू वर्षभर एका कुटुंबात माणसाळतं, मग काही महिने शाळेत शिकतं, शेवटी माणूस आणि कुत्रा काही आठवडे एकत्र शिकतात. बरीच पिल्लं नापास होतात. पास झालेला लॅब्रॅडोर साधारण आठ-दहा वर्षांचा होईपर्यंत काम करतो, म्हणजे काही वर्षांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. घरचा शेरू क्लास लावून गाईड डॉग होईल का, याचं उत्तर त्यामुळे बहुतेक वेळा नाही असंच असतं.

तुमच्या घरी कुणी असा कुत्रा घेऊन आलं तर? आधी माणसाशी बोला, कुत्र्याशी नाही. 'काका, दोन पायऱ्या आहेत, उजवीकडे खुर्ची' एवढं पुरे. हार्नेस असेपर्यंत हात लावायचा नाही, नावाने हाक मारायची नाही, बिस्किट द्यायचं नाही. आजीचा जीव राहत नाही, ती प्रसादाचा शिरा पुढे करते. त्यातले बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, तेव्हा आजीला हे पाहुणे येण्याआधीच सांगून ठेवा, आणि पोरांनाही.