अफगाण चर्चमधलं एक वाक्य

आमच्या शाळेचं गॅदरिंग डिसेंबरात व्हायचं. नाच, नाटुकली, बक्षिसं, सगळं साग्रसंगीत. पण आम्हा इतिहास मंडळाच्या मुलांचं खरं गॅदरिंग जानेवारीत, कुलाब्याला. दुसऱ्या शनिवारी सकाळी गिरगावातून १२३ नंबरची बस पकडायची, डब्यात पुरी-भाजी, आणि आर. सी. चर्चच्या अलीकडे उतरायचं. तिथे झाडांच्या वर तो उंच मनोरा दिसला की बाई म्हणायच्या, "डबे पिशवीत. आता आवाज नको."

तो मनोरा ज्या चर्चचा, त्याचं खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पण मुंबईत ते कुणाला सांगून कळणार नाही. अफगाण चर्च म्हटलं की कळतं. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांची आठवण म्हणून ते बांधलं. १८४७ च्या डिसेंबरात पायाभरणी झाली, १८५८ च्या जानेवारीत चर्च प्रार्थनेला खुलं झालं, आणि मनोरा पुरा व्हायला १८६५ साल उजाडलं. उंची १९८ फूट. सरकारने जागा दिली तीच या बोलीवर, की मनोरा समुद्रातून जहाजांना दिसला पाहिजे. त्या मनोऱ्याच्या खर्चाला सर कावसजी जहांगीर यांनी हातभार लावला होता. हे सगळं बाई बाहेरच, फाटकाशी उभ्या राहून सांगून टाकायच्या. आत गेल्यावर त्यांना इमारतीबद्दल बोलायचं नसायचं.

आत गारवा असायचा. रंगीत काचांमधून आलेला उजेड इंग्लंडहून आणलेल्या फरशांवर पडलेला. बाकांना बंदुका टेकवण्यासाठी खाचा आहेत; १८५७ नंतर गोरे सैनिक प्रार्थनेलाही बंदूक घेऊन येत. दरवर्षी नव्या मुलांची पहिली धाव त्या खाचांकडेच. बोट घालून बघायचं, मग मागच्याला दाखवायचं. बाई तेवढा वेळ द्यायच्या आणि मग आम्हाला वेदीच्या बाजूला, नावांच्या भिंतीपाशी न्यायच्या.

तिथे मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. आम्ही ती एकेक करून वाचायचो. प्रत्येकाच्या वाट्याला एक नाव, स्पष्ट उच्चार, घाई नाही. गिरगावातल्या मराठी शाळेतल्या मुलांनी गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं इतक्या आस्थेने का वाचायची, असं एकदा एका पालकांनी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "कुणाचा तरी मुलगा होता ना तो? मग वाचायचं." पुढे कुणी विचारलं नाही.

नावं संपली की खालचं वाक्य. त्यासाठीच तर आम्ही आलेलो असायचो. ते असं सांगतं, की वर ज्यांची नावं आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची नावं अशी लिहिता येऊ नयेत इतके जास्त असलेल्या हवालदार-शिपायांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधलं. कर्तव्याचं भान ठेवून ते आजाराने किंवा तलवारीने, १८३८ ते १८४३ च्या मोहिमांमध्ये पडले.

दरवर्षी आठवीच्या मुलांनी या वाक्याचं मराठी करायचं, हा मंडळाचा नेम. एक जाड वही होती, तिच्यात ते लिहायचं. माझ्या वर्षी आम्ही तासभर भांडलो. मी लिहिलं होतं, "जे अगणित होते." बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "अगणित कसे गं? दर महिन्याला पगार वाटायला हजेरीपट होताच की. मोजलेले होते सगळे." मी ते खोडलं. ती रेघ वहीत अजून आहे.

दुसरं भांडण त्याहून मोठं असायचं, आणि ते कधीच मिटलं नाही. त्या वाक्यातले शिपाई म्हणजे कोण? गोरे, की आपलेही? देशी पलटणीतल्या माणसाला तेव्हाचे इंग्रज 'सेपॉय' हा वेगळा शब्द वापरत, तो त्या इंग्रजी वाक्यात नाही. आमच्यातले काही म्हणत, मग आपली माणसं यात धरलेलीच नाहीत. काही म्हणत, शिपाई तो शिपाई, सगळे आले. बाई कुणाचीच बाजू घ्यायच्या नाहीत. त्या एवढंच सांगायच्या, की १८३८ च्या शेवटी सर जॉन कीनच्या हाताखाली मुंबईची फौज याच बंदरातून गलबतांनी सिंधूच्या मुखाशी गेली. तिच्यात कोकणातली, देशावरची पोरं होती. मराठे होते, महार होते, रायगडाच्या बाजूचे मराठी बोलणारे बेने इस्रायलीही होते. उकाड्यात वाढलेली ही माणसं बोलन खिंड चढून गेली. २३ जुलै १८३९ ला गझनीचा दरवाजा सुरुंगाने उडवला तेव्हा मुंबईची पलटण तिथे होती. १८४३ च्या फेब्रुवारीत सिंधमधल्या मियानीच्या लढाईलाही होती. "वाक्यात आजार आधी आहे आणि तलवार नंतर," बाई म्हणायच्या. "हे मराठी करताना उलटं करू नका." जमायला सोपं म्हणून आम्ही ते उलटं करायचो, हे त्यांना ठाऊक होतं.

एका वर्षी सातारकडच्या एका मुलाने आपल्या आजोबांना आणलं होतं. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले हवालदार. पांढरा सदरा, इस्त्रीची टोपी. त्यांनी आम्हाला सांगितलं, की त्यांच्या पलटणीला 'काली पाँचवीं' म्हणतात, कारण ती एके काळी मुंबईच्या फौजेची पाचवी पलटण होती. १८४० मध्ये बलुचिस्तानात कहानच्या गढीत या पाचवीचे सुमारे तीनशे शिपाई महिनोन्‌महिने अडकून पडले. सोडवायला आलेली कुमक वाटेतच मोडली. शेवटी मर्री बलुचांच्या सरदाराशी बोलणं होऊन ते बाहेर पडले. हे सगळं आजोबांनी काल घडल्यासारखं सांगितलं. मग भिंतीकडे तोंड करून सावधानमध्ये उभे राहिले. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण आम्हीही राहिलो. माझ्या शेजारचा मुलगा पोटरीला मुंगी चावत असतानाही हलला नाही.

मग बाहेर पडून पुरी-भाजी. आवारात झाडाखाली बसून, बटाट्याची पिवळी भाजी आणि कुणाच्या तरी आईने दिलेली तिळाची वडी. संक्रांत जवळ आलेली असायची. रविवारी नाही, शनिवारीच जायचं, हाही बाईंचा नेम होता. लोकांच्या प्रार्थनेत आपली सहल नको.

शाळा आता इंग्रजी माध्यमाची झाली आहे, इतिहास मंडळ केव्हाच बंद पडलं. पण आम्ही जुनी मुलं अजून जातो. दुसरा शनिवार कुणी चुकवत नाही. पुण्याहून एकजण पहाटेची गाडी पकडून येतो. बाईंना आता फार उभं राहवत नाही, त्या बाकावर बसतात आणि नावं आम्ही वाचतो. वहीची शिवण दोनदा बदलून झाली.

या जानेवारीत माझी भाची आली होती. आठवीत आहे, म्हणजे पाळी तिची. तिने बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं, "ज्यांची नावं कुणी विचारली नाहीत." बाईंनी चष्मा लावून वाचलं. "छान आहे," म्हणाल्या, "पण मुळात असं नाही. मुळात ते म्हणतात, फार होते म्हणून लिहिली नाहीत. त्यांनी जे म्हटलंय तेच आपण लिहायचं." भाचीने ऐकलं. खाली दुसरी ओळ लिहिली, अगदी मुळाबरहुकूम, आजार आधी, तलवार नंतर. पहिली मात्र तिने खोडली नाही, आणि बाईंनी खोडायला सांगितलंही नाही.